काळी आणि पांढरी

वसंत व्याख्यानमाला भरते ते दिवस चैत्र-वैशाखाचे. याच दिवसांत आमच्या भागातली जमीन आपले पोट उघडे करून दाखवते. मानवतच्या शिवारातल्या कोणत्याही पडीत वावरात या दिवसांत पाऊल टाकावे. पायाखाली भेगांचे जाळे पसरलेले आढळते. काही भेगांत हाताचा पंजा सहज जातो, आणि काठी घातली तर ती कमरेइतकी खाली उतरते. पुढे मृगाचे पाऊस लागले म्हणजे हीच जमीन फुगते, भेगा मिटतात, आणि येथे कधी काही फाटलेले होते याची खूणसुद्धा उरत नाही.

याच वावरांच्या कडेला हल्ली पांढऱ्या फक्कीने आखलेले चौकोन दिसतात. ते घरांचे प्लॉट. ते पाहावयास येणारा माणूस बहुधा शिक्षक, कारकून, लहान दुकानदार असा असतो. आयुष्याची शिल्लक आणि वर थोडे कर्ज, एवढे भांडवल तो तेथे घालणार असतो. तो रस्ता किती रुंद आहे हे विचारतो, नळ कधी येणार हे विचारतो, सातबारा कोणाच्या नावावर आहे हे तर विचारतोच. पायाखालची माती काय जातीची आहे व किती खोल आहे, एवढे मात्र तो विचारीत नाही. आमच्या मते हा प्रश्न पहिल्याने विचारावयास हवा. आणि तो विचारण्याची रीत या मुलुखात नवी नाही; ती आपण मध्यंतरी विसरलो आहोत, एवढेच. ती कशी होती आणि कशी विसरली गेली, याचा इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

मराठी खेड्याचा जमाखर्च पूर्वी दोन शब्दांत होत असे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हे दोन शब्द नुसते रंगाचे नव्हेत. जुन्या कागदांत गावच्या रयतेला उद्देशून ‘समस्त पांढरी’ असे लिहिलेले आढळते. म्हणजे ज्या मातीवर माणसे राहतात तिचेच नाव त्या माणसांना पडले. मोल्सवर्थ साहेबाने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, पांढरी या शब्दाची नोंद केली, तीही काळीला लागून असलेला जोडशब्द म्हणूनच. ज्या समाजाने पेरण्याची माती आणि राहण्याची माती यांना दोन वेगळी नावे दिली, त्या समाजाला या दोहोंतला फरक ठाऊक होता हे उघड आहे.

आता ही काळी मुळात आली कोठून? दख्खनचे पठार ज्या काळ्या खडकाचे आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून लाव्हारसाच्या रूपाने बाहेर आला व थरांवर थर साचत गेला. त्या खडकाची ऊनपावसाने झीज होऊन माती झाली. उंचवट्यावर ती थांबली नाही. पाण्याबरोबर वाहून सखल भागात, ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी येऊन बसली. म्हणून माळावर हातभर खाली मुरूम लागतो, आणि गोदावरीच्या बाजूला उतरत जावे तसतशी काळीची खोली वाढते. कोठे ती दोन हात असते, तर कोठे दोन पुरुषही पुरत नाही. इंग्रजी ग्रंथांत या मातीला ‘रेगूर’ म्हणतात. तो शब्द तेलुगूतील ‘रेगड’ या शब्दावरून गेलेला आहे.

या मातीचा स्वभाव तिच्यातल्या एका खनिजामुळे ठरतो. त्याला शास्त्रज्ञ स्मेक्टाइट म्हणतात. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पानांच्या चोपड्याच समजाव्या. पाणी मिळाले की ते या पानांच्या मध्ये शिरते आणि चोपडी फुगते. पाणी गेले की पाने पुन्हा जवळ येतात आणि चोपडी आकसते. शेतकऱ्याला हा स्वभाव वरदानासारखा आहे. पावसाळ्यात घेतलेले पाणी ही माती महिनोन्‌महिने धरून ठेवते, म्हणून पाऊस संपल्यावर पेरलेली रब्बीची ज्वारी तिच्यावर उभी राहते. उन्हाळ्यात वरचा भुगा भेगांतून खाली पडतो आणि पावसाळ्यात फुगलेली माती खालून वर रेटली जाते. म्हणजे ही जमीन स्वतःची नांगरट थोडीबहुत स्वतःच करते. कापसाचे सोटमूळ तिच्यात खोल जाते. गोदाकाठच्या गावरानी कापसाची ख्याती याच मातीवर उभी होती. पण जी जमीन दर वर्षी वर-खाली होते, तिच्यावर भिंत कशी उभी राहावी?

पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर पांढरीत शोधले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण खरी हकीकत याहून मनोरंजक आहे. प्रा. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी नर्मदेकाठी नावडातोली येथे १९५२-५३ आणि १९५७-५९ या काळात, आणि प्रवरेकाठी नेवासे येथे १९५४-५६ या काळात उत्खनने केली. तेथे असे दिसून आले की, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या पहिल्या शेतकऱ्यांनी आपली वस्ती काळ्या मातीवरच केली होती. त्यांची घरे मात्र लाकडी खांब रोवून, कुडाला मातीचा लेप देऊन केलेली होती. असली हलकी, लवचिक घरे जमीन हलली तरी तिच्याबरोबर थोडी हलतात. कुडाला तडा गेला तर घरातली बाई सकाळच्या सारवणात तो बुजवून टाकते. पुढे याच जागी घरे पडली, नवी उभी राहिली, चुलींची राख, शेण, गवत, पडक्या भिंतींची माती आणि चुना यांचे थर शेकडो वर्षे साचले, आणि मूळच्या काळ्या जमिनीवर राखी-पांढऱ्या मातीचे टेकाड तयार झाले. आपण जिला पांढरी म्हणतो ती बऱ्याच ठिकाणी अशी तयार झालेली आहे. पुरातत्त्वाचा अभ्यासक नदीकाठी पांढरी माती पाहून थबकतो तो याच कारणाने.

म्हणजे पांढरी ही निसर्गाने दिलेली तयार बैठक नव्हे; ती पिढ्यानुपिढ्या माणसांनी राहून राहून घडविलेली जमीन आहे. ती फुगत नाही, उंचावर असल्याने तिच्यावरून पाणी निघून जाते, आणि शेकडो वर्षांच्या भाराने ती दबून घट्ट झालेली असते. गावातल्या माणसाने नवे घर बांधावयाचे तर ते पांढरीतच, हा दंडक म्हणजे अनुभवाचे सार होते. पाटलाची गढी उभी राहिली तीही याच मातीच्या रुंद भिंतींवर.

एकोणिसाव्या शतकात जमिनीकडे पाहणारी एक नवी दृष्टी आली, ती सरकारची. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात मोजणी आणि प्रतबंदीचे काम सुरू केले. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्के झाले. ही प्रतबंदी मोठ्या कसोशीची होती. प्रतबंदी करणारा माणूस शेताचे भाग पाडी, प्रत्येक भागात खणून मातीचा रंग, पोत आणि खोली पाही, आणि तिची किंमत आण्यांत लिही. पावणेदोन हात खोलीची बारीक पोताची काळी म्हणजे सोळा आणे. तेथून उतरत उतरत नऊ प्रती, आणि शेवटची दोन आण्यांची. शिवाय दोषांच्या खुणा असत: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणे, ओहळाने धुपणे, पाणी साचून राहणे. एक दोष आढळला की जमीन एक प्रत खाली उतरे. सालारजंगांच्या कारभारात निजामाच्या राज्यातही मुंबईच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली, आणि मराठवाड्याच्या गावांना जमिनीची ही आणेवारी लागू झाली.

या पद्धतीत खड्डा खणून माती पाहण्याची शिस्त होती, हे तिचे मोठेपण मान्य केले पाहिजे. पण सरकारला सारा हवा होता, म्हणून तिने एकच प्रश्न विचारला: या मातीत पिकेल किती? ही माती भार सोसेल किती, हा प्रश्न तिच्या कक्षेत नव्हता. पांढरीवर शेतसारा नव्हताच. तेव्हा पांढरीला आणेही नव्हते. याचा परिणाम असा झाला की, ‘चांगली जमीन’ या शब्दाचा अर्थ लोकांच्या मनात पिकाऊ जमीन असा एकच उरला. वस्तुतः पिकाला जी सोळा आणे, ती घराच्या पायाला पुष्कळदा सर्वांत खोटी. आणि पिकाला जी दोन आण्यांची मुरमाड जमीन, तिच्यावर घर निर्धास्त उभे राहते. आजच्या सातबाऱ्यावर क्षेत्र, आकार आणि पोटखराबा यांचे आकडे असतात, पण मातीची खोली त्यावर लिहिलेली नसते. कागद चोख निघाला म्हणजे जमीन चोख निघाली, ही समजूत म्हणून फसवी आहे.

शहरे पांढरी ओलांडून काळीवर उतरली ती कापसामुळे. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी भाव आला. आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने आमचा मुलूख मनमाडमार्गे मुंबईच्या बाजाराला जोडला. मानवतसारखी बाजारपेठेची गावे या कापसावर वाढली. स्टेशनाचे नावच ‘मानवत रोड’. म्हणजे रेल्वे गावात न येता बाजूने गेली, आणि गावाने आपले माल-वाहनाचे रस्ते काळीतून तिच्याकडे नेले. सरक्या काढण्याचे कारखाने, आडती, गोदामे आणि पुढे नोकरदारांच्या वसाहती यांना जुन्या पांढरीत जागा पुरणे शक्यच नव्हते. आज कल्याण-निर्मळ महामार्ग गावावरून जातो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरे पसरत आहेत. हा विस्तार थांबवावा असे कोणी म्हणणार नाही. पण काळीत घर बांधावयाचे असेल, तर काळीचे नियम पाळावे लागतील.

भिंत का तडकते ते एकदा नीट समजून घेऊ. घर बांधले की त्याच्या खालच्या मातीवर छप्पर आले. तेथली ओल उडून जात नाही आणि मधली माती फुगलेली राहते. कडेची माती मात्र वैशाखात वाळते आणि श्रावणात भिजते. घराचा मध्य वर, कोपरे खाली-वर, अशी ही ओढाताण दर वर्षी चालते. दगड-विटांच्या ताठ भिंतीला ती सोसत नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, दार चौकटीत अडते, फरशी मधोमध उचलते. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी चीर दिसली, तर ती गवंड्याची चूक असण्यापेक्षा मातीची खोडी असण्याचा संभव अधिक. अशी चीर सिमेंटने बुजविणे व्यर्थ आहे. पुढच्या वैशाखात ती पुन्हा उघडते. भिंतीलगत लावलेले मोठे झाड उन्हाळ्यात एका बाजूची ओल शोषून घेते, न्हाणीचे गळके पाणी दुसऱ्या बाजूला ओल धरते, आणि दोन्ही मिळून घर वाकडे करतात.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नावर आपल्याच देशात चांगले काम झाले, याचा अभिमान वाटावा. रुरकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था १९४७ साली निघाली. तिने काळ्या मातीसाठी खालच्या टोकाला कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब रूढ केले. तत्त्व सोपे आहे. वरच्या थरात ओल बदलते, खाली खोलवर ती बदलत नाही. तेव्हा घराचे पाय त्या स्थिर थरात रोवावे. खोल काळीत असे खांब निदान साडेतीन मीटर तरी उतरले पाहिजेत, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. आणि त्यांच्या माथ्यावरची तुळई मातीला न टेकविता खाली पोकळी ठेवावयाची असते, म्हणजे माती फुगली तरी ती तुळईला उचलीत नाही. मुंबईच्या आय. आय. टी. मधले प्रा. काट्टी यांनी दुसरा मार्ग दाखविला. न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा सुमारे मीटरभर जाड थर दाबून बसविला, तर तो खालच्या काळीची फूग आवरून धरतो. ही योजना कालव्यांच्या कामात फार उपयोगी पडली.

मातीची परीक्षा तर कोणाही हायस्कूलच्या प्रयोगशाळेत करता येईल इतकी सोपी आहे. माती वाळवून, कुटून, बारीक चाळावी. तिचे १० ग्रॅमचे दोन भाग करावे. १०० मिलिलिटरच्या दोन मापन-नळ्या घेऊन एकीत पाणी व दुसरीत रॉकेल घालावे, एकेक भाग त्यांत टाकावा, ढवळावे आणि २४ तास ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातल्या मातीची उंची रॉकेलातल्या उंचीपेक्षा निम्म्याहून अधिक वाढली, तर सावध होऊन जाणत्या अभियंत्याचा सल्ला घ्यावा. लाखो रुपयांच्या व्यवहारापूर्वीची ही परीक्षा काही आण्यांच्या खर्चात होते.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, तर मग जुने तेच सोने. पांढरीचेच घर खरे. येथे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गेली. ती घरे जुन्या रीतीचीच होती. मातीत रचलेल्या गोल धोंड्यांच्या रुंद भिंती आणि वर माळवद. गळती लागली की दर सालाला आणखी एक पाटी पांढरी माती वर टाकण्याची रीत. होता होता छतावर दीड-दोन फुटांचा थर चढे. उन्हाळ्यात हे घर थंड राही, म्हणून लोकांना ते प्रिय होते. पण हादरा बसताच तेच छप्पर अंगावर आले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. पूर्वजांचा अनुभव त्यांनी ज्या संकटांचा सामना केला त्यांच्यापुरता खरा असतो. दोनशे वर्षांत न आलेल्या हादऱ्याचा हिशोब त्यात नव्हता. तेव्हा परंपरा तपासून घ्यावी, डोळे मिटून स्वीकारू नये, आणि डोळे मिटून टाकूनही देऊ नये.

आता बागेविषयी. काळीत काहीही लावावे आणि भरपूर पाणी द्यावे, हा समज किती महाग पडतो याचा धडा नीरेच्या खोऱ्याने दिलेला आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. बारमाही पाणी आणि ऊस आला, आणि थोड्याच वर्षांत सखल भागातल्या उत्तम काळ्या जमिनीवर पांढरे मीठ फुलू लागले. हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० साली या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्याचा निचरा नाही, खालची पाण्याची पातळी वर चढते, ऊन ते पाणी ओढून घेते आणि क्षार वर ठेवून जाते, असा तो क्रम आहे. पुढे १९३२ साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले आणि कालव्याखालच्या जमिनींची खड्डे खणून रीतसर पाहणी झाली. पण ती बरीचशी नुकसान झाल्यावर. जायकवाडीच्या धरणाची कोनशिला १९६५ साली बसली, १९७६ साली ते पुरे झाले, आणि त्याचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात आला. नीरेकाठी जे घडले ते येथेही घडू शकते. चर काढून निचरा करणे हे पाणी देण्याइतकेच महत्त्वाचे आहे. चोपण झालेली जमीन जिप्सम घालून सुधारता येते. पण तिच्यातले पाणी निघून जाण्यास वाट नसेल, तर जिप्समही वाया जाते.

अंगणातल्या बागेलाही हाच न्याय लागू आहे. हात-दीड हातावर चुनखडीचा थर लागत असेल, तर मोसंबी किंवा लिंबू दोन-तीन वर्षे उत्तम वाढते आणि मुळे चुन्याला भिडताच पाने पिवळी पडतात. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली आली, ती उपयोगी आहेच. पण तिचा नमुना वरच्या वीतभर मातीचा असतो. वांगी-भेंडीला तो पुरतो, झाडाला पुरत नाही. झाड लावणाऱ्याने तीन फूट खणून पाहावे. परभणीला १९१८ सालापासून शेतीचे प्रयोगक्षेत्र आहे, १९७२ सालापासून कृषी विद्यापीठ आहे. माती तपासून देणारी एवढी मोठी संस्था इतक्या जवळ असताना अंदाजाने झाडे लावीत बसणे शहाणपणाचे नव्हे.

तात्पर्य काय? जमीन घेण्यापूर्वी तिच्यात मुरूम लागेपर्यंत एक खड्डा खणावा. मालक खणू देत नसेल, तर तेच एक उत्तर समजावे. शेजारच्या घरांच्या भिंती वैशाखात पाहाव्या आणि त्याच भाद्रपदात पुन्हा पाहाव्या. जवळची विहीर खणणाऱ्या माणसाला विचारावे. किती हातांवर काळी संपली आणि मुरूम लागला हे त्याला पाठ असते. भादव्यात पाणी कोठे तुंबते हे जुन्या शेतकऱ्याला विचारावे. घराच्या जोत्यात काळी माती भरू नये, मुरूम भरावा. सभोवार पाणी बाहेर जाईल अशी उताराची फरसबंदी करावी. आणि झाड जितके उंच होणार असेल, निदान तितके ते भिंतीपासून दूर लावावे.

यांतली एकही गोष्ट अवघड नाही. प्रतबंदी करणारा कारकून सरकारच्या साऱ्यासाठी शेताशेतांत खड्डे खणीत गेला; आपण आपल्या मुलाबाळांच्या घरासाठी एक खड्डा खणू नये काय? काळी आणि पांढरी हे शब्द आपल्या बोलीतून आता मावळत चालले आहेत. शब्द मावळले तरी मातीचा स्वभाव बदलत नाही. पुढच्या वैशाखात ती पुन्हा उघडेल आणि मृगात पुन्हा मिटेल. तेव्हा पाया घालण्याआधी, या उन्हाळ्यातच, ती उघडी आहे तोवर पाहून घ्यावी.